मी गाडी चालवत नव्हतो, मी प्रवास करत होतो

मक्याच्या_शेतातून | शनिवार

गेल्या महिन्यात मला स्पीडिंगचं तिकीट मिळालं. चूक माझीच, ३५ च्या रस्त्यावर ६१. एवढ्या फरकाला नुसता दंड भरून भागत नाही, कोर्टात या म्हणाले. म्हणून ओहायोतल्या आमच्या छोट्या गावाच्या कोर्टात सकाळी साडेआठला जाऊन बसलो. माहोल थेट तहसील कचेरीचा. लाकडी बाकं, हातात कागद धरून अवघडून बसलेली माणसं, आणि आपला नंबर कधी लागणार याचा कुणालाच पत्ता नाही.

माझ्या आधी एक पन्नाशीचे गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, चापूनचोपून भांग, काखेत ही एवढी जाड फाइल. नाव पुकारल्यावर उठले, पण मधल्या लाकडी कठड्यापाशी येऊन थांबले. आत पाऊल टाकेनात.

जजबाईंनी विचारलं, "अमुक अमुक तुम्हीच ना?"

"ते नाव एका कॉर्पोरेशनचं आहे. मी जिवंत, हाडामांसाचा माणूस. त्या नावाचा प्रतिनिधी म्हणून खास हजेरी लावतोय."

पंगतीत चौथ्यांदा मीठ मागणाऱ्याकडे वाढपी बघतो तसं बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग आरोप वाचले. लायसन्सची मुदत संपलेली, विमा नाही, आणि गाडीला सरकारी नंबरप्लेटऐवजी घरी छापून आणलेली पाटी: 'खाजगी वाहन, व्यापारासाठी नाही'.

"मी गाडी चालवत नव्हतो," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "गाडी चालवणं हा धंदा झाला, त्याला लायसन्स लागतं. मी प्रवास करत होतो. आणि तुमच्या मागच्या झेंड्याला सोनेरी झालर आहे, म्हणजे हे सागरी कोर्ट आहे. मी जहाज नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गृहस्थांच्या वतीने 'गुन्हा कबूल नाही' अशी नोंद केली आणि पुढची तारीख दिली. "मी हा करार स्वीकारत नाही," गृहस्थ म्हणाले. "बरं," बाई म्हणाल्या. सगळं मिळून चार मिनिटं. नंतर माझा नंबर लागला. मी मान खाली घालून चूक कबूल केली आणि पैसे भरून बाहेर आलो.

बाहेर व्हरांड्यात ते गृहस्थ कागद नीट लावत उभे होते. बोलायला एकदम सभ्य. एक कागद मला दाखवला. खाली उजव्या कोपऱ्यात पोस्टाचं तिकीट चिकटवलेलं, त्यावरून आडवी सही, शेजारी लाल शाईत अंगठा. नाव लिहिलेलं पहिलं-मधलं, त्यात आडवी रेघ, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग आडनाव. म्हणाले, "तुझ्या तिकिटावर तुझं नाव कसं छापलंय बघितलंस का? सगळी कॅपिटल अक्षरं."

मी बघितलं. खरंच सगळी कॅपिटल होती.

घरी येऊन तीन आठवडे रोज रात्री हेच वाचतोय, बायको वैतागली आहे. या लोकांना इथे 'सॉव्हरिन सिटिझन' म्हणतात, म्हणजे स्वतःच स्वतःचे सार्वभौम. वरवर वाटतं की हे करबुडवे किंवा खुळे आहेत. पण वाचत गेल्यावर माझं मत बदललं. ही माणसं कायदा मानत नाहीत असं मुळीच नाही. उलट आपल्यापेक्षा फार जास्त मानतात, फक्त ती त्याला मंत्र समजतात. योग्य शब्द, योग्य शाई, योग्य जागी टिंब पडलं की सरकार जागच्या जागी गोठलं पाहिजे. आणि नाही गोठलं, तर उच्चार चुकला असणार, पुढच्या वेळी नीट करू.

कुणाला यातलं काही माहीत असेल, अनुभव असेल तर लिहा. मी जमेल तशी भर घालतो.

उनाड_पाटील | शनिवार

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बाकी माझं नाव आधारवर एक, पॅनवर दुसरं, सातबाऱ्यावर आजोबांच्या स्पेलिंगने तिसरं आणि दहावीच्या मार्कशीटवर मास्तरांच्या कृपेने चौथं. म्हणजे मी एकटाच चार कॉर्पोरेशनं आहे. टाटा-बिर्लांनी सांभाळून राहावं.

मुग्धा_सातारा | शनिवार

पण कॅपिटल अक्षरांचं नक्की काय म्हणणं आहे त्यांचं? यामागे काहीतरी कथा असेलच ना.

मक्याच्या_शेतातून | रविवार

कथा आहे, आणि चांगली रचलेली आहे. १९३३ साली महामंदीत रूझवेल्ट सरकारने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. इथवर खरा इतिहास. यांची कथा इथून पुढे सुरू होते. सोनं गेलं म्हणजे देश दिवाळखोर झाला, मग सावकारांकडे गहाण काय ठेवणार? तर जनता. जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाचा जन्मदाखला म्हणजे गहाणखत, आणि त्या दाखल्यावर कॅपिटल अक्षरांत एक नकली माणूस तयार होतो. त्याला ते 'स्ट्रॉमॅन' म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: बुजगावणं. कर, दंड, कर्ज हे सगळं त्या बुजगावण्याच्या नावावर, आणि आपण भोळेपणाने ते आपलं समजून फेडत बसतो. बुजगावण्याच्या नावाने सरकारी खजिन्यात गुप्त खातंही असतं. आकडा सांगणाऱ्यावर अवलंबून. ६,३०,००० डॉलर हा बराच लाडका आहे, काही जण कोटींवर जातात. नेमके कागद नेमक्या क्रमाने पाठवले की खातं उघडतं. बिल आलं की त्यावर तिरपं 'मूल्यासाठी स्वीकारले' लिहायचं, सही करायची आणि परत पाठवायचं. फिटलं बिल.

ही खात्याची कल्पना पसरवणारा मुख्य माणूस रॉजर एल्विक. त्याला स्वतःला याच उद्योगापायी तुरुंगवास झाला. भक्तांच्या दृष्टीने तो अर्थातच पुरावा ठरला: बघा, सरकार घाबरलं!

अॅडव्होकेट_पंचवटी | रविवार

धागा आवडला. नाशिकला तीस वर्षं दिवाणी वकिली करतोय, त्यामुळे हे वाचताना हसू आलं आणि थोडं ओळखीचंही वाटलं.

गंमत अशी की यांनी वापरलेली एकही वस्तू पूर्ण खोटी नाही. सगळ्या खऱ्याच, पण चुकीच्या खोलीत नेऊन ठेवलेल्या. सहीजवळ 'हक्क अबाधित ठेवून' लिहितात म्हणे. आम्हीही नोटिशीच्या उत्तरात ते रोज लिहितो. अमेरिकेच्या व्यापारी कायद्यात त्याचं कलमच आहे, १-३०८. पण ते व्यापारी व्यवहारापुरतं. माल वादात आहे, तरी मी तो स्वीकारतोय, याचा अर्थ माझी तक्रार मी सोडली असा होऊ नये, एवढ्यासाठी. लायसन्सच्या अर्जावर ते खरडलं म्हणून वाहतुकीचा कायदा लागू व्हायचा थांबत नाही. 'खास हजेरी'ही खरीच. या कोर्टाला माझ्यावर अधिकार नाही एवढंच सांगायला येण्याची ती जुनी पद्धत. झेंड्याची झालर तर निव्वळ शोभा, आणि ती शोभाच आहे असं तिथल्या अॅटर्नी जनरलने १९२५ सालीच लिहून दिलंय.

मूळ घोटाळा 'संमती' या शब्दाचा आहे. कायदा म्हणजे करार, आणि करार मी केला नाही तर तो मला लागू नाही, हे त्यांचं गृहीतक. करार हा कायद्याचा एक छोटा कोपरा आहे. फौजदारी कायदा, कर, वाहतूक यांना तुमची सही लागत नाही. अमेरिकेच्या सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने २०११ मध्ये बेनाबे खटल्यात सरळ सांगितलं की सार्वभौम नागरिक म्हणा, धनको म्हणा, हाडामांसाचा माणूस म्हणा, कोर्टाच्या अधिकाराबाहेर कुणी नाही, आणि असले मुद्दे पुढे आले की झटपट फेटाळावेत.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हे गृहस्थ पायरी चढले, फक्त कठडा ओलांडला नाही. :)

बोरिवली_टू_कॅलगरी | रविवार

कॅनडात यावर एक अख्खा निकाल आहे आणि तो आमच्याच अल्बर्टातला. मीड्स विरुद्ध मीड्स, २०१२. मामला काय, तर नवरा-बायकोचा घटस्फोट आणि मालमत्तेची वाटणी. नवऱ्याने असलेच कागद कोर्टात सादर केले. न्यायमूर्ती जॉन रुक यांनी मग नुसता अर्ज फेटाळला नाही, कॅनडाभरचे असे खटले गोळा करून ७३६ परिच्छेदांचा निकाल लिहिला. कोण काय दावे करतं, ते कुठून आले, का टिकत नाहीत, याची चक्क जंत्री. या सगळ्या प्रकाराला त्यांनी एक लांबलचक नावही दिलं, त्याचा मथितार्थ 'संघटितपणे विकली जाणारी कायद्याची नक्कल'. आता इतर देशांतली कोर्टंसुद्धा हा निकाल उद्धृत करतात.

मला त्यातला 'विकली जाणारी' हा भाग महत्त्वाचा वाटला. रुक यांनी विकणाऱ्यांना सरळ 'गुरू' म्हटलंय, आपलाच शब्द. गुरू शिबिरं घेतात, पुस्तिका आणि व्हिडिओ विकतात. तोंडघशी पडतो तो शिष्य.

सडेतोड | रविवार

सगळे मिळून एका गरीब माणसाची टिंगल करताय. सरकारला 'तुझा अधिकार कुठून आला' हे विचारणं गुन्हा आहे का? टिळक-गांधींनीही कायदा मोडलाच होता. तेव्हाही इंग्रजांचे वकील असंच हसले असतील.

अॅडव्होकेट_पंचवटी | सोमवार

सडेतोड, प्रश्न विचारणं गुन्हा नाहीच. पण तुलना जरा तपासून बघा. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतः बाजू मांडली, एकवीस तासांहून अधिक बोलले, आणि ते सगळं राजद्रोहाच्या कलमाची चिरफाड करत, त्याच कायद्याच्या भाषेत. 'बाळ गंगाधर टिळक हे नाव कॉर्पोरेशनचं आहे, मी त्याचा प्रतिनिधी' असं नाही म्हणाले. ज्यूरीने दोषी ठरवल्यावरही मी निर्दोषच आहे असं ठणकावलं आणि सहा वर्षं मंडालेला काढली. गांधींनी १९२२ मध्ये अहमदाबादला तर जजला सांगितलं की कायदा बरोबर वाटत असेल तर सर्वांत कडक शिक्षा द्या. कायदा चुकीचा आहे म्हणून तो उघडपणे मोडतो आणि किंमत मोजतो, हा सत्याग्रह. तुमच्या कायद्यात मला एक गुप्त खिडकी सापडली आहे, तिच्यातून मी एकटा निसटतो, हे वेगळं.

सडेतोड | सोमवार

ठीक. 'एकटा निसटतो' मान्य. पण ज्याच्या खिशात वकिलाचे पैसे आहेत तो अशाच खिडक्यांतून रोज निसटतो, आणि त्याला टॅक्स प्लॅनिंग म्हणतात. गरीब माणसाला खिडक्या आहेत एवढं दिसतं, कुठली उघडते ते माहीत नसतं.

मुग्धा_सातारा | सोमवार

सडेतोड यांच्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण झाले.

मक्याच्या_शेतातून | सोमवार

मीही बऱ्याच अंशी. फक्त हे गरीब बिचाऱ्यांचं खूळ आहे एवढ्यावर थांबू नये असं वाटतं, कारण मुळं फार कडू आहेत.

१९७० च्या सुमारास 'पॉसी कॉमिटाटस' नावाची संघटना निघाली. विल्यम पॉटर गेल हा तिचा विचारवंत. विचार काय, तर काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) शेरिफपेक्षा, तिथल्या पोलीसप्रमुखापेक्षा, मोठा कायदेशीर अधिकारी देशात कुणी नाही, त्याच्या वरचं सगळं ज्यूंचं कारस्थान. आणि नागरिकत्वाची विभागणी अशी: गुलामगिरी संपल्यावर १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने काळ्या लोकांना नागरिकत्व मिळालं, म्हणून ते सरकारने 'दिलेले' नागरिक, सरकारच्या ताब्यातले. गोरे मात्र त्याआधीचे, जन्मतःच सार्वभौम. आज टिकटॉकवर 'मी चौदाव्या दुरुस्तीचा नागरिक नाही' म्हणणाऱ्या पोरांना हे वाक्य कुठून आलं ते बहुधा ठाऊक नसतं.

१९८० च्या दशकात इथल्या मध्य-पश्चिमेतले शेतकरी कर्जात बुडाले. व्याज चढलं, जमिनीचे भाव पडले, शेतांचे लिलाव सुरू झाले. त्या लिलावांच्या अंगणात ही मंडळी पत्रकं घेऊन पोचली. बँकेचं कर्ज बेकायदा आहे, हे कागद भर, शेत वाचेल. (विदर्भ-मराठवाड्यातल्या कुणाला हे वाचून काही वाटलं तर नवल नाही.) नॉर्थ डकोटाचा गॉर्डन काल हा त्यातलाच एक शेतकरी. कर न भरल्याबद्दल आधी शिक्षा झालेली. १९८३ मध्ये त्याला पकडायला आलेल्या दोन फेडरल मार्शलना त्याने गोळ्या घातल्या आणि पळाला. चार महिन्यांनी आर्कान्सामध्ये चकमकीत मेला, पण मरताना आणखी एकाला घेऊन गेला. तो होता तिथला काउंटी शेरिफ. ज्याच्या वर कुणी नाही, तोच.

पोलिसाची_लेक | सोमवार

२०१० ची वेस्ट मेम्फिसची घटना कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. आर्कान्सामध्येच. पोलिसांनी हायवेवर एक पांढरी व्हॅन थांबवली. आत बाप आणि सोळा वर्षांचा मुलगा. बाप गावोगाव कर्जमुक्तीची शिबिरं घेत फिरायचा, मुलगा मदतीला. कागदांवरून बोलणं चाललं होतं, आणि मुलगा रायफल घेऊन उतरला. दोन पोलीस मारले गेले. बाप-लेक दीडेक तासाने एका दुकानाच्या पार्किंगमध्ये मारले गेले. मेलेल्यांपैकी एक पोलीस तिथल्या पोलीसप्रमुखाचाच मुलगा होता.

माझे बाबा फौजदार होते. रात्री नाकाबंदीला गाडी थांबवली की काच खाली येईपर्यंतचे चार सेकंद सर्वांत वाईट, असं म्हणायचे. झालर आणि टिंबांवर हसताना मला ते चार सेकंद आठवतात.

उनाड_पाटील | सोमवार

पॉपकॉर्न खाली ठेवलं.

श्टुटगार्टची_वहिनी | मंगळवार

जर्मनीतली आवृत्ती ऐका. इथे यांना 'राइशबुर्गर' म्हणतात, जुन्या साम्राज्याचे नागरिक. आजचं जर्मन सरकार हे सरकारच नाही, ती एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, असं त्यांचं म्हणणं. पुरावा? ओळखपत्राला जर्मनमध्ये 'पेर्सोनालआउसवाइस' म्हणतात आणि 'पेर्सोनाल' म्हणजे कंपनीचे कर्मचारी. झालं सिद्ध, आपण सगळे नोकर!

वकीलकाका म्हणाले तसं इथेही अर्धं खरं आहे. १९७३ मध्ये घटना न्यायालयाने खरंच म्हटलं होतं की जर्मन राइश कायद्याच्या दृष्टीने संपलेलं नाही. पण त्याच निकालात पुढे आहे की आजचं प्रजासत्ताक म्हणजे तेच राज्य, नाव बदलून. ही मंडळी पहिलं वाक्य फ्रेम करून लावतात, दुसरं कुणी वाचत नाही.

माझी एक मैत्रीण नगरपालिकेत नागरिकत्वाच्या खिडकीवर बसते. राष्ट्रीयत्वाचा एक पिवळा दाखला असतो, सामान्य माणसाला आयुष्यात लागत नाही. हे लोक तो मागायला येतात, आणि अर्जात जन्मदेश लिहितात 'प्रशियाचं राज्य'. म्हणजे ज्या सरकारला मानत नाही त्याच्याच खिडकीवर रांगेत उभं राहून, फी भरून, आपण त्याचे नाही याचा दाखला मागायचा. मैत्रीण म्हणते, हेच अर्ज सर्वांत सुवाच्य असतात.

पण आता कुणी हसत नाही. २०१६ मध्ये बव्हेरियात एकाच्या घरातली हत्यारं जप्त करायला गेलेला पोलीस मारला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ३,००० पोलिसांनी एकाच पहाटे देशभर छापे घालून २५ जणांना धरलं. संसदेवर चालून जायचा बेत असल्याचा आरोप. म्होरक्या म्हणून कोण, तर जुन्या राजघराण्यातला हाइनरिख तेरावा, प्रिन्स रॉइस. सोबत एक माजी खासदारबाई, ज्या स्वतः जज होत्या!

बोरिवली_टू_कॅलगरी | मंगळवार

अवांतर: कोविडमध्ये इंग्लंडात दुकानदार दारावर मॅग्ना कार्टाचं (राजाने सरदारांना दिलेल्या जुन्या सनदेचं) कलम ६१ चिकटवत होते, लॉकडाउन आम्हाला लागू नाही म्हणून. १२१५ चं ते कलम होतं पंचवीस सरदारांसाठी, आणि १२१६ च्या पुढच्याच प्रतीत वगळलेलं. ब्रॅडफर्डजवळच्या एका सलूनवालीला त्या पोस्टरसकट चांगला दंड बसला.

खापर_आणि_मांडे | मंगळवार

मी नंदुरबारकडचा. आमच्या सीमेपलीकडे गुजरातच्या तापी जिल्ह्यात, व्यारा तालुक्यात, 'ए. सी. भारत सरकार' मानणाऱ्यांचं केंद्र आहे. लोक त्यांना सती-पती म्हणतात. म्हणणं असं की आदिवासी हेच या देशाचे मूळ मालक, सरकार हे भाडेकरू आणि त्याचा भाडेपट्टा कधीच संपला. आधार नको, रेशनकार्ड नको, मतदान नको. पत्रव्यवहार मात्र भरपूर, शिक्क्यांसकट. धागा वाचताना सारखं तेच डोळ्यांसमोर येत होतं.

मुग्धा_सातारा | मंगळवार

झारखंडमधली पत्थलगडीही त्यातलीच ना?

खापर_आणि_मांडे | मंगळवार

नाही हो, तिथे जरा थांबा. पत्थर उभारणं ही मुंडांची जुनी रीत, पूर्वजांच्या नावाने. २०१७-१८ ला खुंटी भागात गावाच्या वेशीवर जे मोठे हिरवे दगड उभे राहिले, त्यांवर राज्यघटनेतली कलमं कोरली होती, पाचवी अनुसूची, ग्रामसभेचे अधिकार. काही कलमांचा अर्थ ओढूनताणून लावलेला होता, हे खरं. पण मागे जमिनीचे कायदे बदलायचा सरकारचा प्रयत्न होता, पिढ्यान्‌पिढ्यांचं विस्थापन होतं. हजारो लोकांवर राजद्रोहाचे गुन्हे घातले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये हेमंत सोरेन सरकारने पहिल्याच दिवशी ते मागे घ्यायचा निर्णय केला. ओहायोतल्या त्या गृहस्थांची नंबरप्लेट आणि खुंटीतला दगड एका पोत्यात भरू नका. एकाला कर द्यायचा नाही, दुसऱ्याची जमीन चालली आहे.

सती-पतींबद्दलही मी आधी घाईने लिहिलं असं आता वाटतंय. जंगलखात्याच्या कागदाने ज्याच्या आज्याला शेतातून काढलं, त्याने उलट कागद करायला शिकणं समजू शकतं.

अॅडव्होकेट_पंचवटी | मंगळवार

खापर_आणि_मांडे, प्रतिसाद आवडला. 'उलट कागद' हा शब्द उचलतोय.

नाव_नको | बुधवार, पहाटे

वाचत होते, लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं. हा आयडी आजच काढला आहे.

माझ्या बहिणीचे यजमान या चक्रात होते. न्यू जर्सीत राहतात, मूळचे सोलापूरचे, इंजिनियर. शिकलेला माणूस यात पडत नाही असं वर कुणाला वाटत असेल तर सांगते, पडतो. नोकरी गेली, घराचे सात हप्ते थकले, आणि ते कुणाला सांगितलं नाही. आईबाबांना नाही, आम्हाला नाही, मंडळातल्या मित्रांना तर मुळीच नाही. गणपतीला पाचशे एक डॉलर वर्गणी त्याही वर्षी दिली. रात्री जागून व्हिडिओ बघायचे. एका हॉटेलच्या हॉलमधल्या शिबिराला जाऊन आले. दोन दिवसांचे अडीच हजार डॉलर, क्रेडिट कार्डावर.

तिथून पाकीट मिळालं. नमुन्याचे कागद, लाल शाईचा पॅड, पोस्टाची तिकिटं, आणि कुठला कागद कुणाला कितव्या दिवशी पाठवायचा याचा तक्ता. ताईने विचारलं, अहो, तुमचा जन्मदाखला सोलापूर महापालिकेचा आहे, त्यावर अमेरिकेने कर्ज कसं काढलं असेल? त्यांनी शिबिरवाल्यांना फोन करून विचारलंसुद्धा. उत्तर मिळालं, नागरिकत्वाचा दाखलाही चालतो, पण त्याचं पाकीट वेगळं, आठशे डॉलर.

तेही घेतलं.

मी तेव्हा त्यांच्याकडे चार दिवस होते. जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून बसायचे. पट्टी लावून रेघा मारायचे, टिंबं मोजायचे. भाऊजींना त्या वर्षात इतकं शांत कधी बघितलं नव्हतं. ते तुम्ही लिहिलं नाही म्हणून मी लिहितेय. कागद भरताना माणूस शांत असतो. बँकेच्या फोनवर त्यांना फक्त 'तुमचा कॉल महत्त्वाचा आहे' ऐकू यायचं. इथे निदान दर मंगळवारी काहीतरी करायला होतं.

बँकेने पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. तिसऱ्याला वकिलाकडून आलं. खरा वकील ताईने गाठला तोवर कोर्टाचा आदेश झाला होता. वकील म्हणाला, हप्त्यांची फेररचना करून मिळाली असती, पहिल्या चार महिन्यांत अर्ज करायला हवा होता. त्याच चार महिन्यांत हे टिंबं मोजत होते. घर लिलावात गेलं. तिथे लिलाव काउंटीचा शेरिफ करतो. वर शेरिफचं वाचलं तेव्हा रात्री झोप आली नाही.

मक्याच्या_शेतातून | बुधवार

नाव_नको, लिहिल्याबद्दल आभार. काय म्हणू कळत नाही. मी पहिल्या पोस्टमध्ये 'मंत्र' म्हणून मोकळा झालो होतो.

आता कसे आहेत ते दोघं?

सडेतोड | बुधवार

ताई, शिबिरवाल्यांवर केस केली का?

नाव_नको | गुरुवार

सडेतोड, नाही. भाऊजींनी सही केलेल्या कागदावर लिहिलं होतं की हे केवळ शैक्षणिक आहे, कायदेशीर सल्ला नाही. तो कागद मात्र पक्का निघाला.

बरे आहेत दोघं. भाड्याच्या घरात आहेत, भाऊजींना नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी. त्या विषयावर कुणी बोलत नाही. घर बदलताना पाकीट टाकून दिलं, पण लाल पॅड भाचीने ठेवून घेतला. सात वर्षांची आहे. बटाटा अर्धा कापून त्याचे ठसे उठवते, वहीभर फुलं आहेत.